लॉग वाचायचा तो चांगल्या दिवशी

सर्व्हर सांभाळण्याच्या कामात माझी बरीच वर्षं पुण्यात गेली. पतसंस्था, शाळा, छोटी रुग्णालयं यांची सॉफ्टवेअर ज्या लिनक्स मशीनवर चालतात, ती मशीन नीट चालू ठेवणं हे माझं काम. नवीन मुलं-मुली टीममध्ये येतात तेव्हा आधी कमांडची यादी मागतात. यादी मी देते, आणि ती आठवड्याभरात पाठही होते. लॉग वाचता येणं मात्र त्यानंतर बऱ्याच उशिरा जमतं. आज काय वेगळं घडलं हे कळायला रोज काय घडतं ते माहीत असावं लागतं, आणि ते कुठल्याच यादीत नसतं. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं या एकाच गोष्टीपाशी येतं.

१. काही बिघडलेलं नसताना लॉग वाचा.

इंटरनेटवर उघड्या असलेल्या कुठल्याही लिनक्स सर्व्हरचा ऑथ.लॉग उघडा. रेड हॅटच्या घराण्यातल्या मशीनवर त्याच फाइलचं नाव 'सिक्युअर' असतं. 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट' अशा ओळींची रांगच्या रांग दिसेल. कुठली कुठली यंत्रं रात्रंदिवस पासवर्ड लावून बघत असतात. वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये वर्डप्रेसचं लॉगिन पान मागणारे येतात, तुमच्याकडे वर्डप्रेस असो वा नसो. हे रोजचं आहे. ज्याने हा गलका आधी पाहिलेला नाही तो ऐन बिघाडाच्या वेळी पहिल्यांदा लॉग उघडतो, या ओळी बघून 'आपल्यावर हल्ला झाला' असं ठरवतो आणि भलतीकडेच शोधत बसतो.

म्हणून नव्या माणसाला मी पहिलं काम हेच देते: रोज सकाळी कालचा लॉग थोडा वेळ नुसता वाचायचा. एकूण ओळी किती, पाचशेच्या घरातले प्रतिसाद किती, सगळ्यात जास्त मागितलेलं पान कुठलं, एवढं वहीत लिहायचं. ऑथ.लॉगमध्ये 'फेल्ड'पेक्षा 'ॲक्सेप्टेड' हा शब्द शोधायचा, कारण कोण आत येऊ शकलं नाही यापेक्षा कोण आत आलं हे जास्त महत्त्वाचं. पतसंस्थेचा सोमवार रविवारसारखा नसतो आणि महिनाअखेर दोन्हींसारखी नसते. महिनाभरात ते आकडे डोक्यात बसतात. मग एके दिवशी कोणी तक्रार करण्याआधीच तो मुलगा म्हणतो, "मॅडम, आज काहीतरी वेगळं दिसतंय." त्या वाक्यापासून पुढे तो लॉग वाचायला लागला असं मी समजते.

२. फाइल उघडण्याआधी ती केवढी आहे ते बघा.

आधी 'एलएस -एलएच', मग 'लेस'. काही जीबीची फाइल एडिटरमध्ये उघडली तर आधीच धापा टाकणाऱ्या सर्व्हरची उरलीसुरली मेमरी तो एडिटर घेऊन बसतो. 'कॅट' केलं तर हजारो ओळी डोळ्यांसमोरून पळतात आणि हाती काहीच लागत नाही. मार्क न्यूडलमन यांनी १९८०च्या दशकात लिहिलेला 'लेस' पडद्यावर पान दाखवण्यासाठी पूर्ण फाइल वाचत नाही, लागेल तेवढीच वाचतो. मोठा 'जी' दाबला की शेवट, छोटा 'जी' दाबला की सुरुवात. '-एस' (मोठा) दिला की लांब ओळी दुमडत नाहीत आणि रकाने एकाखाली एक दिसतात. '&' दाबून शब्द लिहिला की तो शब्द असलेल्या ओळीच उरतात. हे शेवटचं फार थोड्यांना माहीत असतं, आणि माझ्या हाताला सगळ्यात जास्त सवय त्याचीच आहे.

३. 'टेल'ला मोठा 'एफ' द्या.

चालू लॉग बघायला सगळे 'टेल -एफ' लिहितात, छोट्या 'एफ'ने. तो उघडलेल्या फाइलला धरून बसतो. लॉगरोटेटने त्या फाइलचं नाव बदललं आणि त्याच नावाची नवी फाइल तयार केली, तरी छोटा 'एफ' जुन्या फाइलकडेच बघत राहतो. पडदा शांत होतो आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक झालं. मोठा 'एफ' नावाचा पाठलाग करतो, म्हणून नवी फाइल आली की तिच्याकडे वळतो.

डेबियनच्या जुन्या मांडणीत लॉगरोटेटसकट रोजची कामं सकाळी ६:२५ला सुरू होतात. मशीनचं घड्याळ यूटीसीवर असेल तर ते आपले दुपारचे ११:५५. म्हणजे कामाच्या ऐन गर्दीत पडदा गप्प होतो.

४. घड्याळं जुळवल्याशिवाय एकही निष्कर्ष काढू नका.

भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. ग्राहक सांगतो, "साडेअकराला बंद पडलं." यूटीसीत लिहिणाऱ्या लॉगमध्ये ते सहा वाजता शोधायचं. इथवर सगळ्यांना जमतं. गोची होते ती तारखेची. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आधी जे घडतं, ते यूटीसीच्या लॉगमध्ये आदल्या दिवशीच्या तारखेला असतं. पहाटे तीनला बॅकअप फसला आणि कोणी आजच्या तारखेने ग्रेप केलं, तर त्याला काहीच सापडणार नाही. 'लॉगमध्ये काही नाही' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, त्यातलं निम्मं तरी इथूनच आलेलं असतं.

त्यात प्रत्येक प्रोग्रामची तऱ्हा निराळी. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर ॲक्सेस लॉगमध्ये वेळेच्या शेवटी +०५३० किंवा +०००० असं लिहितो, त्यामुळे शंका राहत नाही. सिसलॉगच्या जुन्या पद्धतीत वर्षही नसतं आणि टाइम झोनही नसतो. एरिक ऑलमन यांनी ती १९८०च्या दशकात सेंडमेलसाठी बनवली आणि २००१च्या आरएफसी ३१६४मध्ये ती जशी वापरात होती तशी नोंदली गेली. २००९च्या आरएफसी ५४२४ने दोन्ही आणलं, पण जुनी पद्धत आजही असंख्य मशीनवर चालू आहे. त्यामुळे तीन मशीनचे लॉग शेजारी ठेवण्याआधी मी तिन्हींवर 'डेट' चालवते आणि उत्तरं कागदावर लिहिते. घड्याळं दोन मिनिटांनी जरी पुढेमागे असतील, तरी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांमध्ये घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. अनेकांनी त्याकडे कागदपत्रांची पूर्तता म्हणून पाहिलं. मला तो त्या निर्देशांमधला सगळ्यात उपयोगी भाग वाटतो.

५. बिघाडाचं कारण 'एरर' या शब्दात सापडेलच असं नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या कामातलं सगळ्यात मोठं शिक्षण यात आहे.

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर भर दुपारी अडकायला लागलं. एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये 'अपस्ट्रीम टाइम्ड आउट' अशा ओळींचा पूर. ॲक्सेस लॉगमध्ये ५०४, आणि त्यांच्या मध्ये मध्ये ४९९. हा ४९९ एन्जिनएक्सचा स्वतःचा आकडा आहे. समोरच्या माणसाने वाट बघून बघून पान बंद केलं, असा त्याचा अर्थ. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये पानंच्या पानं डेटाबेसचं कनेक्शन मिळत नसल्याची रड. टीममधल्या एकाने 'ग्रेप एरर' केलं, शेवटची ओळ वाचली आणि सांगितलं की कनेक्शनची संख्या वाढवू या.

शेवटच्या ओळीत नेहमी परिणामच असतात. बिघाड सुरू कुठे झाला ते बघायला मिनिटागणिक मोजणी करावी लागते. एन्जिनएक्सच्या नेहमीच्या मांडणीत वेळ चौथ्या रकान्यात असते. 'ऑक'ला सांगायचं की त्या रकान्याच्या चौदाव्या अक्षरापासून पाच अक्षरं काढ, म्हणजे तास आणि मिनिट मिळतं. ते 'युनिक -सी'कडे सोपवायचं. लॉग मुळातच वेळेच्या क्रमाने असतो, म्हणून इथे 'सॉर्ट' लागत नाही. प्रत्येक मिनिटाला किती विनंत्या पूर्ण झाल्या याचा उभा स्तंभ तयार होतो, आणि आकडे कुठे कोसळतात ते डोळ्यांनाच दिसतं.

त्या दिवशी विनंत्या पूर्ण होणं जिथे मंदावलं ते मिनिट पहिल्या एररच्या बरंच आधीचं होतं. मग 'लेस'मध्ये ॲप्लिकेशनच्या लॉगमधलं ते मिनिट काढलं आणि तिथून वर वर वाचत गेले. थोड्याच ओळींवर एक साधी 'इन्फो' पातळीची नोंद होती: व्याजाच्या आकारणीचा अहवाल सुरू झाला. एरवी तो रात्री चालतो. कोणीतरी तो दुपारी हाताने चालवला होता, आणि त्याने खात्यांच्या टेबलवर लॉक धरून ठेवलं होतं. बाकी सगळे त्याच्या मागे रांगेत उभे होते. कनेक्शनची संख्या वाढवली असती तर फक्त रांग लांबली असती.

'एरर' शोधणाऱ्याला ती ओळ कधीच दिसली नसती. तिच्यात चुकीचं काही नव्हतंच, चुकीची होती ती फक्त वेळ. आणि ती चुकीची आहे हे ओळखायला तो अहवाल रोज रात्री चालतो हे माहीत असायला हवं. पहिल्या मुद्द्यातली वही इथे कामाला येते.

६. मोजणी करा, पण मोजणीवर लगेच कारवाई करू नका.

'सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन | हेड' ही साखळी ज्याच्या बोटांत बसली त्याचं निम्मं काम झालं. 'युनिक' फक्त लागून असलेल्या सारख्या ओळी एकत्र मोजतो, म्हणून त्याच्या आधी 'सॉर्ट' लागतो. पाइपची कल्पना डग मॅकइलरॉय यांची, आणि केन थॉम्पसन यांनी ती १९७३मध्ये युनिक्समध्ये आणली. १९७७मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी बेल लॅब्जमध्ये 'ऑक' लिहिला. पन्नास वर्षांच्या आसपास वय असलेली ही हत्यारं आजच्या सर्व्हरवर जशीच्या तशी चालतात, आणि याबद्दल मला त्या माणसांविषयी मनापासून कृतज्ञता वाटते. ॲक्सेस लॉगमध्ये पहिला रकाना आयपी, सातवा पान, नववा प्रतिसादाचा आकडा. एवढ्या तीन रकान्यांवर दिवसभराचे बहुतेक प्रश्न सुटतात.

मात्र पहिल्या क्रमांकावर आलेला आयपी लगेच बंद करण्याची घाई नको. आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या एका आयपीच्या मागे खूप ग्राहक ठेवतात. निकालाच्या दिवशी शाळेच्या साइटवर एकाच आयपीवरून विनंत्यांचा लोंढा येतो, आणि त्याच्या मागे खरीखुरी मुलं आपापल्या फोनवरून गुण बघत असतात. आधी त्या आयपीने कुठली पानं मागितली आणि ब्राउझरची नावं किती वेगवेगळी आहेत ते बघा. एकच पान, एकच ब्राउझर, सेकंदाच्या ठेक्यात येत असेल तर ते यंत्र. नावं शंभर तऱ्हेची असतील तर बहुधा माणसं.

७. ग्रेप तुम्ही विचाराल तेवढंच सांगतो.

डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतली कुप्रसिद्ध त्रुटी बाहेर आली तेव्हा आम्ही सगळे लॉगमध्ये 'जेएनडीआय' हा शब्द शोधत होतो. काही दिवसांतच हल्लेखोरांनी तो शब्द अक्षरं तोडून, मध्ये दुसरे कंस घालून लिहायला सुरुवात केली. सरळ ग्रेपला त्यातलं काही दिसत नव्हतं. म्हणून मी उलट्या बाजूने जाते. '-व्ही' देऊन रोजच्या ओळी एकेक करून वगळायच्या आणि उरेल ते वाचायचं. काय शोधायचं हे माहीत नसतानाही ही पद्धत चालते. फक्त काय वगळायचं ते माहीत असावं लागतं.

आपल्या लिपीचंही इथे पाहावं लागतं. शोधाच्या चौकटीत कोणी 'मनीषा' असं लिहिलं, तर ॲक्सेस लॉगमध्ये ते टक्क्याच्या खुणांची लांबच लांब माळ होऊन येतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि सुरुवात 'ई०' नंतर 'ए४' किंवा 'ए५' अशीच होते. म्हणून '%ई०%ए४' शोधलं की देवनागरीत शोधणारे लोक सापडतात. एका रुग्णालयाच्या साइटवर मी ते मोजून दाखवलं, तेव्हा कुठे मराठी नावांचा शोध नीट चालतो का याकडे लक्ष गेलं. आणि 'बायनरी फाइल मॅचेस' एवढंच सांगून ग्रेप थांबला तर '-ए' द्यायचा, छोटा.

८. लॉग मध्येच थांबला असेल तर दुसरीकडे बघा.

ॲप्लिकेशनचा लॉग नेहमीसारखा चाललाय आणि अचानक, कसलीही तक्रार न करता, संपलाय. अशा वेळी कर्नलला विचारायचं: 'डीमेसेज -टी' (मोठा) किंवा 'जर्नलसीटीएल -के'. 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' अशी ओळ मिळाली की कोडं सुटतं. ज्याला मारलं त्याला शेवटचा शब्द लिहायची संधी मिळालेली नसते. कंटेनर १३७ हा आकडा देऊन थांबला असेल तर तोही बहुतेक याच वाटेने गेलेला असतो. १२८ अधिक ९, आणि ९ हा मारण्याचा सिग्नल.

मशीनच पुन्हा सुरू झालं असेल तर 'जर्नलसीटीएल -बी -१'ने आधीच्या वेळचा लॉग मिळतो, पण जर्नल डिस्कवर ठेवलेलं असेल तरच. अनेक मशीनवर '/व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरीच नसते, आणि मग सगळं मेमरीत राहून जातं. आज, आत्ता, सगळं ठीक असताना ती आहे का ते बघून घ्या.

डिस्क भरल्यावरही लॉग गप्प होतो. मोठी फाइल काढून टाकली तरी 'डीएफ' डिस्क भरलेलीच दाखवतो, कारण प्रोग्रामने ती अजून उघडी धरलेली असते. 'एलएसओएफ +एल१' (मोठा एल) अशा फाइली दाखवतो.

९. छोटी तफावत सोडू नका.

१९८६मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ संगणक सांभाळत होता. वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. त्याने ती सोडली नाही. येणाऱ्या फोनलाइनींना प्रिंटर जोडून घुसखोराची प्रत्येक कळ कागदावर उतरवली, आणि अनेक महिन्यांच्या पाठलागानंतर माग जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचला. तो घुसखोर अमेरिकी संगणकांतली माहिती केजीबीला विकणाऱ्यांपैकी निघाला. पतसंस्थेच्या कामात मला स्टोल नेहमी आठवतो. तिथेही पैशापैशाचा ताळा लागतोच, आणि लागला नाही तर जुन्या कारकुनांना झोप येत नाही. तोच स्वभाव लॉग वाचणाऱ्याला हवा.

१०. लॉगमध्ये माणसं असतात.

मोबाइल नंबर, खाते क्रमांक, रुग्णाचं नाव, कधी कधी अख्खा पासवर्ड. मे २०१८मध्ये ट्विटरने सगळ्या वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, कारण ते झाकले जाण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. लॉगचा तुकडा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय मला मुळीच मान्य नाही. पाठवायचाच असेल तर 'सेड'ने दहा आकड्यांच्या जागी फुल्या टाका, मग पाठवा. लॉगमध्ये ज्यांचं नाव आहे त्या बाईंनी आपला आजार डॉक्टरला सांगितला होता, आपल्या ग्रुपला नाही.

आणि लॉग किती दिवस ठेवायचे तेही बघा. सर्ट-इनचे निर्देश १८० दिवसांचे आहेत. डेबियनवर एन्जिनएक्स नुसता बसवला तर त्याचे लॉग रोज बदलतात आणि चौदाच राहतात. सहा महिन्यांपूर्वीचं कोणी मागेल तेव्हा हा फरक लक्षात येऊन उपयोग नसतो.

११. मोठी मोजणी चालू सर्व्हरवर करू नका. फाइल दुसऱ्या मशीनवर न्या. 'सॉर्ट' मोठ्या फाइलसाठी टेम्पमध्ये जागा घेतो, आणि ती जागा ग्राहकांच्या कामाची असते. दाबून ठेवलेल्या जुन्या फाइली उलगडायचीही गरज नाही, त्यांना 'झेडग्रेप' आणि 'झेडलेस' आहेत.

१२. लॉग लिहिणाऱ्यांशी बोला.

मी बरीच वर्षं लॉग फक्त वाचायचं काम केलं. आता अर्धा वेळ तो लिहिणाऱ्या डेव्हलपर मंडळींसोबत बसते. 'काहीतरी चुकलं' अशी ओळ लिहू नका, कुठल्या शाखेचं, कुठल्या व्यवहाराचं, किती वेळ थांबून चुकलं ते लिहा, असा आग्रह धरते. एन्जिनएक्सच्या नेहमीच्या मांडणीत विनंतीला किती वेळ लागला हे नसतंच. 'रिक्वेस्ट टाइम' आणि 'अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम' हे दोन रकाने आपण जोडावे लागतात. पहिल्यात एकूण वेळ येतो, दुसऱ्यात मागच्या ॲप्लिकेशनने घेतलेला. दोन्ही शेजारी दिसले की दोष ग्राहकाच्या संथ नेटचा की आपल्या प्रोग्रामचा, हे भांडणाशिवाय कळतं.

त्यासोबत 'रिक्वेस्ट आयडी'ही घाला. एन्जिनएक्समध्ये तो १.११.० या आवृत्तीपासून आयता मिळतो. तो पुढे ॲप्लिकेशनकडे पाठवला आणि तिथल्या प्रत्येक ओळीत लिहिला, की तीन मशीनवर एकाच आयडीचा ग्रेप मारायचा. मग पतसंस्थेच्या पलूस शाखेत काउंटरवर उभ्या असलेल्या सभासदाचे पैसे नेमके कुठे अडकले ते, तो काउंटरवर असतानाच, फोनवर सांगता येतं.